बुआचा बुवा झाला

बसा साहेब, बसा. कचोरी गरम आहे, खाता खाता ऐका. असा किस्सा सांगतो की आधी हसाल. मीपण हसलो होतो, तिथेच तर गडबड झाली.

आमचे भय्यासाहेब बँकेत मॅनेजर, मी त्यांचा ड्रायव्हर. त्यांनी इथेच फ्रीगंजात मकान बांधलं, त्यात धाकट्या बहिणीच्या, सुलूताईंच्या, पाटल्या गेल्या. नवरा गेल्यावर त्या भावाकडेच आल्या. मागच्या दोन खोल्यांत राहतात, साड्यांना पिको-फॉल करतात. भय्यासाहेबांनी मकान पोराच्या, शैलूच्या, नावावर केलं तेव्हा रेकॉर्डात एक अट चढवली. सुलू आहे तोवर तिच्या सहीशिवाय विकायचं नाही.

तहसीलीत बाबूने विचारलं, "कौन सुलू?" भय्यासाहेब सह्या करण्यात गुंतलेले. मीच बोललो, "अरे, शैलू की बुआ!" आत्याला इकडे बुआच म्हणतात ना. त्याने तसंच लिहिलं. पुढे कॉम्प्युटर आला, कोणीतरी टाइप केलं, आणि बुआचा बुवा झाला. 'सुलू बुवा की सहमति के बिना विक्रय वर्जित.' वीस वर्षं कोणी बघितलंच नाही.

भय्यासाहेब गेले. आता सिंहस्थ येतोय, जो तो हॉटेल बांधतोय. शैलूलाही पार्टी मिळाली. पार्टीच्या वकिलाने कागद बघितला. "शैलेंद्रजी, ये सुलू बुवा कौन? कोई महाराज?"

मी बाजूलाच बसलेलो. शैलूने कागद एकदा वाचला, मग हसला. "हाँ, कीर्तनकार थे. पिताजी के गुरु. कब के चले गए." आणि माझ्याकडे वळून, "काय विष्णूकाका, काय आवाज होता ना बुवांचा?"

माझ्या डोळ्यासमोर सुलूताई! उपरणं घेऊन, चिपळ्या वाजवत. त्या गायला लागल्या ना, तर गल्लीतली कुत्री उठून जातात. असा हसलो, असा हसलो! म्हटलं, "एकदम खणखणीत!" सगळेच हसले. त्यातच शैलूने कागद सरकवला. "काका, सही." केली. मला सही तेवढी येते.

कागदात काय होतं ते बाहेर वकिलाच्या मुन्शीने सांगितलं. सुलू बुवा वारले, चक्रतीर्थावर त्यांना जाळलं तेव्हा मी स्वतः हजर होतो. माझी शपथ. त्या कागदावर अट काढायचा अर्ज लागला.

मी उलट्या पावली आत गेलो. "शैलू, आत्या कुठे जाईल रे?"

"देवास रोडला आश्रम बघितलाय. चांगला आहे."

"तिला विचारलंस?"

"ती हो म्हणणार आहे का, काका?" मान खाली घालून बोलत होता. "आणि शपथ तुमची आहे. उलटलात तर आत तुम्ही जाल."

काल सुलूताईंकडे गेलो, सगळं सांगायलाच. त्या मशीनवर. वर न बघताच म्हणाल्या, "विष्णू, रेकॉर्डात माझं नाव आहे ना रे अजून? शैलू हल्ली इकडे येतच नाही."

"आहे की," म्हटलं.

नाव तर आहेच ना, साहेब?

"मग झालं. जरा सुई ओवून दे, मला दिसत नाही."

मला ओवता येईना. दोरा दर वेळी बाजूनेच जायचा. शेवटी त्यांनीच माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "म्हातारा झालास की रे."

आपत्ती, म्हणजे हरकत, द्यायची उद्या शेवटची तारीख आहे. तुमचं अक्षर मी बघितलंय, छापल्यासारखं. हा कागद, हा पेन. हिंदीतच लिहा, बाबूला समजलं पाहिजे. सुलू बुवा नावाचे कोणी नव्हते, कोणी मेलं नाही. बुआ आहे, जिंदा आहे, मागच्या खोलीत साडीला फॉल लावतेय. खोटं मी बोललो, ते सगळ्यात आधी लिहा, माझ्या नावासकट.

आणि एवढं करा साहेब, बुआ लिहाल ना, तेव्हा तो 'आ' जरा मोठा काढा.