बॉनेटवरचा डोळा

खुशालरावांच्या अंगणात अख्खं गाव लोटलं होतं. सगळ्यांच्या माना मोटारीच्या बॉनेटवर झुकलेल्या. तिथं एक टिपकागद होता आणि त्यावर इंजिनातल्या तेलाचा एक थेंब. करणी शोधायला बोलावलेल्या तेलबाबाचा मंत्र संपता संपता त्या थेंबाचा चक्क डोळा झाला! मधे काळंभोर बुबुळ, भोवती पिवळट कडं.

“पाहा रे!” बाबा गरजला. “जिनं गाडीवर करणी केली, तिचा डोळा हाय हा. कोनाच्या घराकडं पाहून राहिला, सांगा!”

डोळ्याचा कोपरा उजवीकडे लांबला होता. उजवीकडे विधवा माणिकबाईचं घर होतं.

आठ दिवसांपूर्वी खुशालरावांच्या पत्नी गोदाबाईंच्या छातीत कळ आली. बाळापूरजवळच्या आमच्या गावातून खुशालरावांनी त्यांना याच मोटारीत घालून अकोल्याची वाट धरली आणि अर्ध्या रस्त्यात इंजिन खडखडून जाम झालं. दुसरी गाडी येईपर्यंत गोदाबाई गेल्या. गाडी पंधरा वर्षांची, पण चाललेली जेमतेम सतरा हजार किलोमीटर. खुशालराव रोज सकाळी तिला उदबत्ती ओवाळायचे, दोन मिनिटं चालू करायचे आणि बंद करायचे. इतकी जपलेली गाडी दगा देईलच कशी? करणीच! शिवाय माणिकबाईचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता, आणि ती दोनदा म्हणाली होती, “भाऊजी, उभ्या गाडीचं तेल सडते, बदला.” झालं, तिची जीभ काळी ठरली.

खुशालरावांच्या पुतण्यानं, नितेशनं, पहिला दगड मारला. तो तिच्या कपाळावर बसला. मग तिला केसांना धरून अंगणात फरफटत आणलं. चपला बसल्या, लाथा बसल्या. कुणीतरी तिच्या कोपरावर काठी हाणली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

“कबूल कर म्हना तिले!” बाबा ओरडत होता. “ते कबूल झाली का इंजिन आपोआप सुटते!”

मेलेलं इंजिन हा गृहस्थ बाईच्या रक्तानं चालू करणार होता!

मी इथल्या शाळेचा मुख्याध्यापक. ‘अरे, थांबा’ म्हणालो, पण ते माझं मलाच ऐकू आलं. पोलिसांना फोन केला आणि दुसरा मायाला. माया माझी जुनी विद्यार्थिनी, गावातच राहते, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवते. एवढंच माझं शौर्य.

नितेशनं पेट्रोलची बाटली माणिकबाईच्या लुगड्यावर ओतली, आणि तेवढ्यात माया गर्दीत घुसली. एक काठी तिच्याही खांद्यावर बसली. ती कळवळली, पण माणिकबाईच्या पुढून हलली नाही.

“बाबा, तुमच्या जीपचा थेंब टाका बरं असल्याच कोऱ्या कागदावर.”

“आमच्या जीपले करणी बाधत नाही.”

“मंग भेता काहून? थेंब साफच पडन!”

गर्दीला तमाशा हवाच असतो. “टाका, टाका!” लोक ओरडले. मायानं बाबाकडचाच कोरा टिपकागद बॉनेटवर ठेवला, तेल मोजायची पट्टी काढून जीपचा थेंब टाकला, मग नितेशच्या मोटरसायकलचा, गावच्या ट्रॅक्टरचा आणि माझ्या स्कूटरचा. मंत्र कुणीच म्हटला नाही. पंधरा मिनिटं मी माणिकबाईचं रक्ताळलेलं डोकं मांडीवर घेऊन बसलो. कागदावर चार डोळे उघडले!

माया म्हणाली, “काजळी मधात राहते, पातळ तेल चौफेर पसरते. पसराले पंधरा मिनिटं लागतात, म्हणून बाबाचा मंत्रबी तेवढाच लांब. अन् बॉनेटले दोन्हीकडं उतार हाय, बाबानं कागद उजव्या उतारावर ठेवला होता. म्या हा कागद मुद्दाम डाव्या उतारावर ठेवला. आता डोळे मारुतीच्या देवळाकडं पाहून राहिले. करणी मारुतीनं केली का?”

कुणी हसलं नाही.

“मंग माही गाडी काहून बंद पडली?” खुशालरावांनी विचारलं.

मायानं तेलाचं झाकण उघडलं. आतून खरवसासारखा पिवळट लगदा निघाला. “काका, दोन मिनिटांत इंजिन तापत नाही. आतल्या वाफेचं पाणी होते अन् तेलातच मुरते. तेल कधी बदललं होतं?”

“नऊ वर्सं झाली. किलोमीटरच कुठी भरले होते?”

“किलोमीटर भरो का न भरो, वर्षातून एकदा बदलाच लागते. महागाचंच पायजे असं नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलं तेच टाका. या गाळानं तेलाची वाट बुजली, इंजिन कोरडं फिरलं.”

“म्हंजे गोदाले मीनं...” खुशालराव मटकन खाली बसले.

आता गर्दी बाबावर तुटून पडली. त्याचे दोन दात पडले, कान फाटला. उरलेलं पेट्रोल नितेशनं त्याच्या दाढीवर ओतलं. माया पुन्हा मधे उभी राहिली. “तुमाले माराले कोनी पायजेच का रे? मघाशी बाई, आता हा!” पोलिसांची गाडी आली तेव्हा ती दोन्ही हात पसरून तशीच उभी होती.

ठाण्यात खुशालरावांनी जबाब दिला: “पयला दगड माह्या पुतण्यानं मारला. मी पाहत होतो. मले वाटलं, दोष तिचा निघाला तर बरं होईन.”

माणिकबाईचा हात वाकडाच जुळला. म्हणून हात जोडून सांगतो: कुणी थेंबात, लिंबात, तांदळात शत्रू दाखवला, तर दगड उचलण्याआधी तोच प्रयोग स्वतःच्या वस्तूवर करून बघा. पंधरा मिनिटं लागतात. आमच्या गावानं ती पंधरा मिनिटं एका बाईचा हात मोडल्यावर दिली, आणि मी ती मागितलीसुद्धा नव्हती.