पिवळ्या फळीवरची मुक्ता

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पाण्याने सांगितलं तिथे थांबलं पाहिजे, याच शिस्तीत माझी सगळी नोकरी गेली. अशा मला माझ्या पोरीने मार्च महिन्यात परदेशात लहिंच नावाच्या गावी समुद्रासमोर दगडी कठड्यावर बसवलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त पाहा. मग काय ते ठरवा."

ठरवायचं होतं ते असं. मुक्ता इथून जवळच, शॅननला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चांगलं चाललंय. ती नोकरी सोडून तिला वर्षभर काबारेते नावाच्या गावी जायचं आहे. हे गाव कुठे, तर तिकडे कॅरिबियन बेटांवर. तिथे म्हणे लोक सकाळी लाटांवर फळ्या घेऊन उभे राहतात, दुपारी वारा सुटला की कमरेला पतंग बांधून पाण्यावर धावतात आणि उरलेल्या वेळात सायकलीने डोंगर चढतात. पोटापाण्याचं काय, तर हे सगळं शिकवणाऱ्या एका दुकानाचं बुकिंग ही सांभाळणार. आमची सौ., संध्या, गुडघ्यामुळे नागपूरलाच राहिली आणि मला एकट्याला धाडलं, ते पोरीला ताळ्यावर आणायला. मी मुक्ताला शब्द दिला होता की तुझं ते सर्फिंग एकदा डोळ्यांनी पाहीन आणि हो की नाही ते सांगीन. न विचारता निघून गेली असती तर आम्ही काय करणार होतो? पण ती विचारत होती. तेच अवघड होतं.

नागपूरला कूलर लागले होते आणि इथे मी संध्याने विणलेली लालभडक कानटोपी ओढून कुडकुडत होतो. पाण्यात जाताना माणूस कपडे काढतो, इथली माणसं चढवतात. मुक्ता एका व्हॅनमागे गेली आणि तिथून डोक्यापासून पायापर्यंत काळ्या रबरात गुंडाळलेली दहा-बारा माणसं बाहेर आली. प्रत्येकाच्या काखेत पिवळी फळी. त्यातल्या एकाने मला हात केला, मीही केला. मग दुसऱ्यानेही केला. माझा गोंधळ उडाला तो तिथून.

पाण्यात शिरल्यावर तर सगळी सारखीच. मागून बघितलं तर ही मुक्ता, वळली की दाढी. पण आमच्या घरात पोरगी शोधायची रीत एकच आहे. निकालाची यादी वरून वाचायला घ्यायची, पहिलं नाव तिचंच असतं. शाळेत तेच, कॉलेजात तेच. म्हणून मी सगळ्यात चांगलं कोण करतंय ते पाहिलं. डाव्या बाजूला एक जण लाटेवर असा सहज उभा राहत होता, जसा मी ओसरीवर उभा राहतो. गुडघे किंचित वाकवायचे, हात जरा पसरायचे आणि थेट वाळूपर्यंत यायचं. मी म्हटलं, सापडली! छाती भरून आली. खोटं कशाला बोलू, डोळेही भरून आले.

तिच्या जवळच एक ध्यान होतं. उभं राहिलं की पडायचं, पडलं की फळी डोक्यावर घ्यायचं, लाटेने लोळवलं की बाहेर येऊन दात काढायचं. मी मनात म्हटलं, कोणाचं पोट्टं आहे देव जाणे, बापाने वेळीच आवरायला हवं होतं.

मी आमच्या मुक्ताचा व्हिडिओ काढला आणि 'समस्त पांढरीपांडे' या ग्रुपवर टाकला. लगेच अमरावतीहून धाकटा भाऊ शशिकांत गरजला, "वाघीण आहे आपली!" कोणी टाळ्या, कोणी फुलं. मग संध्याचाच फोन आला.

"अहो, हे आपल्या पोट्टीला कधी येऊन राहिलं?"

"मी काय सांगू? मीही पाहूनच राहिलो."

"इतकं छान येतं तर मग मेलं जाऊ द्यावं का हो? ज्यात पहिली येते त्यात अडवू नाही."

मला हायसं वाटलं. पोरीचंही झालं, बायकोचंही झालं. मी दोघींच्या मधून सहीसलामत सुटलो होतो.

तेवढ्यात आमची मुक्ता फळी घेऊन बाहेर आली आणि तिने डोक्यावरचं रबर मागे सारलं. आत पांढरेशुभ्र केस आणि साठीतला लालबुंद चेहरा. हा डेक्लन, त्यांचा शिकवणारा. "ग्रँड डे!" असं म्हणून तो माझ्यासमोरून थेट चहा प्यायला गेला.

आणि त्याच्यामागून ते ध्यान धावत आलं.

"बाबा! पाहिलं ना? उभी राहिले मी! दोनदा!"

ओठ निळे, नाकातून समुद्र वाहतोय, गालावर वाळू. ग्रुपवर टाळ्या पडतच होत्या. मी मुकाट्याने फोन तिच्या हातात दिला. ती आधी इतकी हसली की वाळूत बसली. मग हसू ओसरलं.

"म्हणजे तुम्ही मला पाहिलंच नाही?"

"पाहिलं ना. सारखा तुलाच पाहून राहिलो होतो. तू आहेस हे माहीत नव्हतं, इतकंच."

"आणि?"

आता काय सांगू? हे खरं कळलं की संध्या एका मिनिटात नाही म्हणणार होती. आणि न सांगावं तर पोरगी डेक्लनच्या हुशारीवर काबारेतेला जाणार होती. मी वैतागलोच.

"अगं, तुला हे येत नाही, मुक्ता! काहीच येत नाही! मग काऊन चालली तिकडे?"

"येत नाही म्हणूनच तर, बाबा." तिने नाक पुसलं. "जे जमतं तेच करत आलेय मी. एवढी वाईट मी आजवर कशातच नव्हते, आणि तरी दर शनिवारी पळत येते. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. इट्स ग्रँड, बाबा. एवढंच."

मला हे गणित सुटेना. एकदाच, दहावीला, दुसरी आली तेव्हा हिने जेवण सोडलं होतं. ते आम्हाला कळलं होतं. त्याचा आम्हाला, आता सांगतो, थोडा अभिमानही वाटला होता. आणि हे समोरचं, निळ्या ओठांचं, मगाशी मी ज्याच्या बापाची कीव केली ते, हेही तेच लेकरू. याच्याइतकं खूश त्या समुद्रात दुसरं कोणी नव्हतं. ते तर मी स्वतःच पाहिलं होतं, कोणाचं आहे ते माहीत नसताना पाहिलं होतं.

मी कानटोपी काढली आणि तिच्या डोक्यावरच्या रबरावर ओढून घट्ट बसवली.

"जा परत. आता तरी दिसशील."

ती गेली. उभी राहिली, पडली. पुन्हा पडली. लाल टोपी पाण्याखाली जायची आणि माझा जीव खाली-वर व्हायचा. मग टोपी वर यायची, खाली दात. मी सगळं टिपलं आणि ग्रुपवर टाकून लिहिलं, "आधीचे ते मास्तर होते. मुक्ता ही."

टाळ्या थांबल्या. शशिकांतने वाघीण पुसून टाकली. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"अहो, ही तर पडूनच राहिली आहे."

"हाव."

"मग हसून काऊन राहिली?"

"मला नाही कळत, संध्या. खरंच नाही कळत."

पलीकडून लाटांचा आवाज येत होता. ती व्हिडिओ पुन्हा लावून बघत होती. मग पुन्हा एकदा. मी उघड्या कानांवर वारा झेलत नकाराची वाट पाहत बसलो.

"टोपी पार भिजली असेल," ती शेवटी म्हणाली. "तिकडे त्या गावी थंडी असते का?"

"नाही. ऊन असतं म्हणते."

"मग पातळ सुताची विणते. पण लालच. दुरून दिसली पाहिजे आपली पोट्टी."