दोघांत एक कुलूप

डॉक्टर म्हणाले, "मार किरकोळ आहे. नशीबवान आहात." डोक्याला सात टाके, आठवडाभर ओकाऱ्या, उजेड डोळ्यांत टोचायचा आणि अपघाताच्या दिवसातले तीन तास साफ पुसलेले. याला किरकोळ म्हणणाऱ्याचं डोकं एकदा आपटून बघायला हवं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो, वीस वर्षं झाली. माझ्या हाताखाली माझाच मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्या दिवशी तो लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरला होता आणि मी वर मशीनच्या खोलीत होतो. मी स्विच चालू केला, लिफ्ट खाली गेली, त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली तुटला. मी जिन्यात बेशुद्ध सापडलो. हे सगळं मला लोकांनी सांगितलं.

आमच्या कामात एक नियम आहे. मेन स्विच पाडून वीज तोडली की कामावरच्या प्रत्येकाने त्यावर आपापलं कुलूप घालायचं, किल्ली आपापल्या खिशात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच हलतच नाही. ज्याचं कुलूप नाही तो आत नाही, असंच धरायचं. मेहुण्याचं कुलूप त्याच्या पिशवीत सापडलं. चौकशीत तो म्हणाला, "लावायला विसरलो." साहेबांनी लिहून घेतलं, त्याला कामावरून काढलं, विषय मिटला.

बायकोने भावाला आमच्या घरी आणलं. त्याचं सगळं करायची, पण तोंडाला लगाम नव्हता. "तुझ्या वेंधळेपणापायी यांचाही जीव गेला असता!" तो खाली मान घालून जेवायचा. मीही एकदोनदा हात धुऊन घेतले. "वीस वर्षांत माझं कुलूप एकदाही राहिलं नाही," असं मी त्याला, पाय गेलेल्या पोराला, ऐकवलं.

आठवणी तुकड्यातुकड्यांनी येत होत्या. आधी ग्रीसचा वास. मग त्याची किंकाळी, जिन्यावरून धावणारे माझे बूट, वळणावरची लोखंडी तुळई. डॉक्टर खूश, बायको खूश.

तिसऱ्या महिन्यात कामावर रुजू झालो. सोबतीला नवा जोडीदार होता, माझ्याच वयाचा. मी स्विच पाडून कुलूप घातलं. तो म्हणाला, "थांबा, माझं राहिलंय."

आणि माझ्या तोंडून निघालं, "एका घरातली माणसं आपण, दोन कुलपं कशाला?"

"काय म्हणालात?" त्याने विचारलं. मी खालीच बसलो. त्या दिवशी मेहुणा कुलूप हातात घेऊन असाच उभा होता. पाच मिनिटांचं काम, माझ्यावर भरवसा नाही का, असं म्हणून मीच त्याला ते पिशवीत ठेवायला लावलं होतं. मग मला फोन आला, मी फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडलो, आणि त्या रागात खाली माणूस आहे हेच विसरून कुलूप काढलं. हे विसरणं डोकं आपटायच्या आधीचं होतं.

संध्याकाळी घरी आलो तर मेहुणा बाहेरच्या खोलीत कुबडीच्या टोकाला नवं रबर बसवत होता. मी म्हणालो, "मला आठवलं. कुलूप मीच लावू दिलं नाही तुला."

"मी कधी विसरलोच नव्हतो, भावजी."

"मग बोलला का नाहीस?"

"पाय तर गेलाच होता. तुमचंही काम गेलं असतं, तर ताईने कुणाकडे बघायचं? आणि तुम्हाला काही आठवत नव्हतं. आजारी माणसाला काय बोलायचं?" रबर बसलं. त्याने वर बघितलं. "तुम्हाला आठवत नव्हतं, तोवर मला जमत होतं. आता तुमचं तुम्ही बघा."

मी बोलणार होतो, खरंच. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि कुबडीला अडखळली. "वाटेतच टाक मेली! एक पाय घालवूनसुद्धा अक्कल येत नाही का रे तुला?"

तो माझ्याकडे बघत होता. लाजेने माझे कान तापले होते. मी कप उचलला, एक घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणालो.