पाखरीची सुई

मित्रांनो, ही गोष्ट १९५६ सालची. आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, त्याच कार्तिकातली. मी एक जुनं डालगं आहे. रात्री कोंबड्या झाकायचं, बांबूच्या कांबींचं. राणीसावरगावच्या आश्रुबा बुरडानं मला विणलं आणि झरीच्या छबूबाईनं डोक्यावर मिरवत घरी आणलं. गल्लीतली पहिली बांग माझ्याच पोटातून निघायची, याचा मला भारी तोरा होता.

त्या कार्तिकात बाजारातून एक थोराड पिवळी कुत्री छबूबाईच्या मागं मागं आली आणि दारातच बसली. छबूबाईनं तिला भाकरी घातली, पाखरी म्हणून हाक मारली. शेजारची कडूबाई कुंपणावरून म्हणाली, "पाळायचं तर पिल्लू पाळावं गं! ही तर सासूच आणलीस घरात."

थोड्याच दिवसांत शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं एका वासराला चावलं. पाटील आबासाहेबांनी दवंडी पिटवली, "पुढच्या बाजारी जनावरांचे डॉक्टर येणार. लशीचे पैसे भरून कुत्र्याला सुई टोचून घ्या. बिनसुईचं कुत्रं दिसलं, तर बंदूक हाय!"

छबूबाईचा नवरा राधाकिशन म्हणाला, "घरातला पैसा बियाण्याचा हाय. तुझ्या कोंबड्यांनी भरावं हिचं."

"भरतील की! तुमच्यापरीस कमावत्या हायत त्या."

छबूबाईनं अंडी विकून पैसे जमवायचं ठरवलं, पण अंडी मिळेनातच. माझी एक कांब तुटली होती. तिथून पाखरी तोंड घालायची आणि अंडं उचलून पळायची. एका सकाळी छबूबाईनं ते पाहिलं. कडूबाईला तर हसू आवरेना, "अगं, ही आपली सुईच खायलीय की!"

पाखरीच्या तोंडातून अंड्याचा कधी एक थेंब गळला नाही, हे मी पाहत होतं. पण डालग्याला कोण विचारतो?

बाजाराचा दिवस उजाडला. पैसे नव्हते. बंदुकीपेक्षा बरं, म्हणून पाखरीला नदीपलीकडं सोडायचं ठरलं. छबूबाई डोळे पुसत तिला शेवटची भाकरी चारत होती. निघण्याआधी बैलांना वैरण टाकावी, म्हणून राधाकिशननं गंजीतून कडबा उपसला आणि ओरडला, "अगं ये! हिनं तर दुकान मांडलंय!"

कडब्यात उबदार खळगा होता, आणि त्यात अंडीच अंडी. एकही फुटलेलं नव्हतं. पाखरी धावत आली आणि त्यांना पोटाशी घेऊन बसली.

कडूबाई हसायची थांबली. "हिची पिल्लं गेली असतील गं कुठं," ती हळूच म्हणाली.

छबूबाईनं अंडी पाण्यात टाकून पाहिली. तरंगलेली, म्हणजे शिळी, पाखरीला ठेवली, बुडालेली ताजी कडूबाई आबासाहेबांच्या वाड्यावर घेऊन गेली. डॉक्टरांच्या पाहुणचाराला अंडी हवीच होती. रोख पैसे घेऊनच ती परतली. दुपारी डॉक्टर पाखरीची अंडी जेवले आणि संध्याकाळी त्यांनी पाखरीलाच सुई टोचली!

पुढं पाखरीला पिल्लं झाली. पहिलं कडूबाईनं मागून नेलं, दुसरं आबासाहेबांनी. राधाकिशन दर वर्षी न सांगता सुईचे पैसे काढून ठेवू लागला. छबूबाई म्हातारी होऊन लेकीकडं चुडाव्याला गेली, तेव्हा सामानाआधी तिनं पाखरीची नात गाडीत बसवली. पाखरी शेवटपर्यंत माझ्या तुटक्या कांबीशी निजायची. ती कांब कुणीच दुरुस्त केली नाही. मी आता आढ्याला टांगलेलं आहे.

मित्रांनो, जिवाची सुई चुकवू नका. आणि थोरपणी दारात आलेल्या कुणाला चोर म्हणण्याआधी, एकदा त्याचं अंथरूण उचलून पाहा.