पाटीवर ऐंशी, हाताला चाळीस

मी बोलतोय, दुसऱ्या मजल्यावरच्या घरातलं व्यायामयंत्र. दार उघडलं की उजव्या हाताला, पंख्याखालची सगळ्यांत चांगली जागा अडवून जो उभा आहे, तो मी. घरात मला ‘जिम’ म्हणतात. पाहुणे ‘अरे वा’ म्हणतात आणि माझ्या दांडीवर ओली छत्री अडकवतात. माझ्याभोवतीचा केर काढावा लागतो ती सूनबाई मात्र मला काहीच म्हणत नाही.

मी खोटारडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे खोटं असं बोललो नाही, पण कोणी विचारलं नाही म्हणून खरंही सांगितलं नाही. माणसांच्या जगात याला शहाणपण म्हणतात असं मी ऐकून आहे.

कारखान्यात माझ्या नळ्या वाकवल्या, जोड मारले, वर काळा रंग फासला. दहा-दहा किलोच्या आठ लोखंडी पट्ट्या दोन उभ्या दांड्यांवर ओवल्या आणि त्यांच्या डोक्यावर एक चाक बसवलं. मुठीपासून निघालेली तार त्या चाकाखालून फिरून वर माझ्या सांगाड्याला बांधलेली आहे. त्यामुळे गंमत अशी होते की निम्मं ओझं सांगाडा उचलतो आणि उरलेलं निम्मंच माणसाच्या हाताला लागतं. बाजूच्या आकड्यांच्या पाटीवर ऐंशी असेल तर हाताला चाळीस.

मला जोडणाऱ्या फिटरला एका नवख्याने हे विचारलंही होतं. फिटर म्हणाला, “गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं? आकडा मोठा दिसला की माणूस खूश होतो. व्यायामापेक्षा माणसाला खुशीच जास्त लागते.” मला तेव्हा तो फार मोठा तत्त्वज्ञ वाटला.

दुकानात मला बघायला साहेब आले. साहेब म्हणजे वजनमापे निरीक्षक. बाजारात ते शिरले की भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळतं. पारड्याच्या बुडाला चिकटवलेला मेणाचा गोळा ते नुसत्या बोटाने शोधून काढतात. त्यांचं एक वाक्य बाजारात सगळ्यांना पाठ आहे: “वजन खरं असून भागत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात किती पडतं ते बघायचं.”

विक्रेता त्यांना म्हणाला, “साहेब, डंबेल पायावर पडतं, फरशी फुटते, पाठ धरते. यावर नुसतं बसायचं आणि ओढायचं.” साहेबांना ‘नुसतं बसायचं’ हे आवडलं असावं.

मी घरी आलो त्या दिवशी साहेबांनी माझी एकेक पट्टी काढून काट्यावर ठेवली. दहा. दहा. दहा. आठही पट्ट्या तोलल्या आणि प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी चिकटवली. “ग्रॅमचा फरक नाही,” ते अभिमानाने म्हणाले. मुठीला काटा लावून बघायचं मात्र त्यांना सुचलं नाही. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

मग रोज सकाळी साडेसहाला आमचा कार्यक्रम सुरू झाला. साहेब माझ्या सीटवर बसायचे, डोळे मिटायचे आणि मोठ्याने मोजत ओढायचे. पाच, सहा, सात, आठ, आणि आठनंतर थेट बारा. तिसऱ्या महिन्यात ते ऐंशीवर पोचले. ही बातमी कचेरीत गेली, नातेवाइकांत गेली आणि जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला आपोआप कळत गेली. आरशासमोर दंड फुगवून बघताना ते दार लावून घ्यायचे, पण मी दाराच्या आतच होतो.

त्यांची तरुणपणची डंबेलची एक जोडी घरात होती. वाऱ्याने आपटू नये म्हणून बाल्कनीच्या दाराला त्यांचा टेकू दिलेला होता. गंज चढलेली, अबोल जोडी. एकदा मी त्यांना हिणवलं, “बघा, कोण कुठे बसलंय आणि कोण कुठे पडलंय.” त्यातलं एक म्हणालं, “आम्ही दहाची आहोत आणि हाताला दहाच लागतो. तुझी तार काढून ये, मग बोलू.” त्यानंतर मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

आता आतल्या खोलीबद्दल सांगायला हवं. तिथे साहेबांची आई असते; सूनबाई म्हणजे तिची सून, साहेबांची बायको. आठ महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय लुळा पडला. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. तिची धाकटी बहीण दहा मिनिटांच्या अंतरावर राहते, पण तिचे गुडघे गेलेले. दोन मजले चढणं तिच्या आवाक्यात नाही. दोघी रोज दुपारी फोनवर बोलायच्या. तू काय खाल्लंस, मी काय खाल्लं, कोण गेलं, कोणाचं लग्न मोडलं. फोन ठेवताना आई दर वेळी म्हणायची, “येते गं एक दिवस.”

एका शुक्रवारी फोन लवकर संपला. धाकटीचा मुलगा तिला आपल्याकडे न्यायला आला होता, दूरच्या गावी, कायमचं. सोमवारी सकाळची गाडी होती. आई फोन हातात धरून बराच वेळ बसली. मग साहेबांना म्हणाली, “मला तिला एकदा बघायचंय रे. फोनवर नको. हात लावून बघायचंय. आता नाही भेटलो तर नाहीच भेटणार आम्ही.”

सूनबाई म्हणाली, “अहो, दोन माणसं बोलवू. खुर्चीत बसवून अलगद उतरवतील.”

“माझ्या आईला हमाल उचलणार?” साहेबांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “मी रोज ऐंशी किलो ओढतो. आई अठ्ठेचाळीस. मग अडचण कसली? रविवारी मी एकटा नेतो.”

आईचा चेहरा असा उजळला की मला माझ्या तारेची लाज वाटली. शनिवारी साहेब ओढायला बसले तेव्हा मी जिवाच्या आकांताने करकरलो. दुसरं काय करणार? मला तोंड तेवढंच. साहेबांनी थांबून माझ्या चाकांना तेल घातलं.

रविवारी आईने सकाळपासून केस विंचरून घेतले होते. साहेबांनी खुर्चीतून तिला दोन्ही हातांवर उचललं आणि तिथेच त्यांचा चेहरा बदलला. माझ्यावरचं ओझं रुळावरून सरळ वर येतं, सरळ खाली जातं. तोल सांभाळायची जबाबदारी माझी. माणूस असा येत नाही. त्याचा एक पाय लोंबतो, मान कलते, घाबरला की तो नेमका नको तिथे धरतो. तरी साहेब दाराबाहेर गेले. हट्ट होता, आणि आईवर मायाही होती; दोन्ही खरं होतं.

पुढचं मी पाहिलं नाही, उघड्या दारातून ऐकलं. काही भाग पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शिंपीकाकांनी नंतर चार वेळा येऊन सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून. नऊ पायऱ्या उतरल्यावर साहेबांच्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. “आई, धर गं मला, धर,” त्यांचा आवाज आला. “अरे पाडशील,” आई ओरडली. साहेब भिंतीला घासत पायरीवर बसले, आई त्यांच्या मांडीवर.

मग आईचा बारीक आवाज आला. “राहू दे बाळा. मला वर नेऊन ठेव. मी बोलेन तिच्याशी फोनवर.”

साहेबांना तिला वरही नेता येत नव्हतं. त्यांना उठताच येईना.

सूनबाई पिशवी भरून मागून निघाली होती. तिने पिशवी दारातच ठेवली आणि शांतपणे उतरत गेली. “काका, तुमची शिलाईची खुर्ची आणता का जरा?” मग म्हणाली, “आई, रोजच्यासारखं करायचं. मानेला हात घाला. उजवा पाय टेकवा. माझ्याकडे बघा, पायऱ्यांकडे नको. एक, दोन.” आणि आई उठली. शिंपीकाका सांगतात, कापडाचा तागा उचलावा तितक्या सहज सूनबाईने तिला खुर्चीत ठेवलं. वर ते असंही सांगतात की एका हाताने. ते खोटं आहे.

“तुम्ही आणि काका वरून धरा,” कठड्याला धरून कसेबसे उठलेल्या साहेबांना सूनबाई म्हणाली. “खालून मी धरते.” जिन्यावर खुर्ची नेताना खालच्याच्या अंगावर भार जास्त येतो, एवढं मला यंत्र असून कळतं.

दोघी बहिणी भेटल्या. काय बोलल्या ते कळायला मी तिथे नव्हतो. संध्याकाळी आईला तशीच खुर्चीतून वर आणली, तेव्हा तिने बहिणीची शाल पांघरली होती. तिच्या शालीच्या बदल्यात बहुतेक आपली देऊन आली असावी.

आई झोपल्यावर साहेब कमरेला पट्टा बांधून माझ्यासमोर आले. कचेरीच्या बॅगेतला लटकता काटा काढून त्यांनी माझ्या मुठीला अडकवला, पट्ट्या अडकवायची खिटी ऐंशीला घातली आणि हळूहळू ओढलं. काटा चाळीसच्या जरासा पुढे जाऊन थांबला. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काट्यांवर वाकून बघणारा तो माणूस माझ्या सीटवर मटकन बसला.

सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“निम्मंच निघालं,” साहेब म्हणाले.

“असू दे. कंबर शेकून देऊ का?”

“तुझ्यात कुठून आलं एवढं बळ?”

“आठ महिने उचलतेय त्यांना. रोज सकाळी साडेसहाला आणि रात्री झोपायच्या आधी. जमायला लागतं हळूहळू.”

“सकाळी साडेसहाला?”

“हो. तुम्ही तेव्हा यावर असता.”

साहेबांनी मुठीवरचा काटा काढून ठेवला. मग म्हणाले, “मला हाक नाही मारायचीस?”

“मारली होती. दोनदा. तुम्ही म्हणालात, थांब, मोजणी चुकेल.”

त्या हाका मीही ऐकल्या होत्या. माझ्या पट्ट्या एकमेकींवर आदळतात तो आवाज मोठा असतो, पण तितका मोठा नाही. सूनबाई हे सगळं न रागावता बोलली, घड्या घालतच. ती रागावली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या कारखान्याविरुद्ध तक्रार करायला छापील अर्ज काढला. त्यात ‘फसवणूक झालेल्या ग्राहकाचा हुद्दा’ असा एक रकाना होता. तो वाचून त्यांनी अर्जाची नीट घडी केली आणि कपाटात ठेवली. बाजारात मात्र त्यांचा आवाज हल्ली थोडा खाली आला आहे म्हणतात.

कंबर बरी झाल्यावर त्यांनी बाल्कनीच्या दाराचं डंबेल उचललं, मग दुसरं. दोन हातांत दोन धरून उठाबशा काढायला लागले. सूनबाईने सांगितलं, “कमरेतून वाकू नका, गुडघ्यांतून.” पहिल्या दिवशी आठ झाल्या आणि त्यांनी आठच मोजल्या. बाल्कनीचं दार आता दिवसभर आपटतं आणि कोणी तक्रार करत नाही. डंबेलनी मला टोमणा मारला नाही. खऱ्या वजनाच्या लोकांना त्याची गरज पडत नसावी.

मला मोडीत काढलं नाही. आईला व्यायाम शिकवायला हल्ली येणाऱ्या बाई म्हणाल्या की आईसाठी मी अगदी योग्य आहे. बसून ओढायचं, तोल जायची भीती नाही, वजन कमीत कमी. म्हणून आता एका पट्टीवर आई ओढते. चिठ्ठीवर साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘हाताला पाच किलो’. ती हात बळकट करतेय, उचलणाऱ्याच्या मानेला घट्ट धरता यावं म्हणून. एवढं काम मला मिळालं, माझ्या लायकीला ते पुष्कळ झालं.

सकाळी साडेसहाला मी रिकामा असतो. आतून साहेबांचा आवाज येतो, “आई, मानेला हात घाल. माझ्याकडे बघ.” सूनबाई त्या वेळी झोपलेली असते. आठ महिन्यांची झोप तिला भरून काढायची आहे.

तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला ठेवा, हवं तर त्याच्यावर टॉवेल वाळत घाला, आम्हाला सवय असते. माझी विनंती एवढीच आहे की त्याच्यावर बसायच्या आधी आतल्या खोलीत जाऊन या, आणि तिथे कोणी एकटं काही उचलत नाही ना, ते बघून या.