दुपारची थाप

मित्रांनो, मी एक जुना पितळी हात आहे. दचकू नका, मी कुणाच्या खांद्यापासून तुटलेला नाही. ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावर याकुमिस नावाचा एक ओतारी होता. मोडीत निघालेल्या जहाजाचं पितळ वितळवून त्यानं मला ओतलं. नाजूक मनगट, बोटात अंगठी आणि मुठीत एक गोळा. तो गोळा दारावर आपटला, की आतल्या माणसाला कळायचं, कोणीतरी आलं आहे. एवढंच माझं काम.

याकुमिसनं मला एका निळ्या दारावर बसवलं. त्या घरात मिकेस नावाचा पाणबुडा आपल्या नव्या नवरीला, सेवस्तीला, घेऊन आला होता. ईस्टर झाला, की समुद्राच्या तळाचा स्पंज काढणाऱ्या होड्या दूर दक्षिणेकडे जात आणि थंडीच्या तोंडावर परतत. परतलेला मिकेस मला धरून एक थाप जोरात मारी आणि लगेच दोन हलक्या. त्याचा तळवा मिठानं खरखरीत झालेला असे, पण ऊबदार.

आतून सेवस्ती ओरडे, "आले, आले! दार मोडशील! सहा महिने धीर धरलास, आता पळभर धरवत नाही?"

एका वर्षी होड्या परतल्या. दाराशी मिकेस आला नाही, त्याचा कप्तान आला. त्यानं मला हात लावला नाही. टोपी काढून तो नुसता उभा राहिला. सेवस्तीनं आपणहून दार उघडलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती खालीच बसली. समुद्रानं मिकेसचा देहसुद्धा परत दिला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा घडलं. टळटळीत दुपार होती. जेवून सगळी गल्ली झोपली होती, मांजरंसुद्धा. अचानक एका तळव्यानं मला धरलं. मित्रांनो, मी धातूचा आहे, गारवा मला नवा नाही. पण तसा गारवा मी कधी अनुभवला नव्हता. समोर माणूस नव्हता. पायरीवर सावली नव्हती. तरी मी उचलला गेलो. एक थाप जोरात, दोन हलक्या.

आत खुर्ची सरकली. सेवस्तीची पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. फळीपलीकडे तिचा श्वास मला ऐकू येत होता. कडीवर तिचा हात पडला, कडी किणकिणली, पण तिनं ती काढली नाही. थोड्या वेळानं तळवा सुटला. माझ्या बोटांवरून खारं पाणी ठिबकत राहिलं.

त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात तो येत राहिला. सेवस्तीचे केस पांढरे झाले, तरी तिनं एकदाही दार उघडलं नाही. बाहेर कोणी नसेल याची तिला भीती वाटत होती, की कोणी असेल याची, हे मला कधीच कळलं नाही. पण थाप पडली, की ती दाराला गाल टेकून उभी राही. शेजारणी म्हणत, "सेवस्ती दुपारची झोपत का नाही ग?" ती म्हणे, "म्हातारपणी झोप येते कुठं?"

मग एकदा ती डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी शेजारच्या बेटावर गेली. तिचा भाचा पांतेलीस भला माणूस. आत्याला खूश करावं म्हणून त्यानं कुजकं निळं दार काढून टाकलं आणि पांढरं ॲल्युमिनियमचं दार बसवलं. वर विजेची घंटा, दाबली की पाखरासारखी चिवचिवणारी. मला त्यानं लिंबू घासून चकचकीत केलं आणि किनाऱ्यावरच्या आपल्या नव्या हॉटेलात, सगळ्यात महागड्या खोलीच्या दारावर लावलं.

तिथं माझं फार कौतुक झालं. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढत. पण काम काहीच नव्हतं. खोलीत जायला लोक कार्ड टेकवत.

तिसऱ्या उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, अथेन्सहून उरानिया नावाची एक बाई नवरा आणि लेकीसह आली. कुठं राहावं हे त्यांचं ठरत नव्हतं. पांतेलीस समजावत होता, "ताई, बंदरात राहाल तर मोटारसायकलींचा गोंगाट. डोंगरावर राहाल तर बकऱ्यांचा वास. इथं बाहेर पाय टाकला, की समुद्र!"

उरानियाचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हीच खोली घेऊ. किती जुनं आहे हे! अशी वस्तू जिथं आहे तिथं राहायला मजा येईल."

तिची लेक दनाई हिनं माझं बोट धरलं आणि लगेच सोडलं. "आई, हा हात ओला आहे."

दुसऱ्या दुपारी आईबाप झोपले असताना तो तळवा आला. दोन उन्हाळ्यांनंतर! त्यानं मला शोधून काढलं होतं. एक थाप जोरात, दोन हलक्या. लहान मुलांना कडीची भीती नसते. दनाईनं दार उघडलं, वर बघितलं आणि नम्रपणे मान हलवली. "इथं राहत नाहीत त्या," ती म्हणाली.

उरानिया धावत आली. "कोणाशी बोलतेस?"

"एक काका होते. अंगावरून पाणी गळत होतं. विचारत होते, सेवस्ती घर सोडून गेली का."

तासाभरात त्या कुटुंबानं सामान बांधलं. "बकऱ्यांचा वास चालेल आम्हाला," एवढंच उरानिया म्हणाली. तिला सेवस्ती कोण हे ठाऊक नव्हतं. पण दनाईनं जाता जाता पांतेलीसला काकांचा प्रश्न सांगितला, आणि त्याला ते नाव ठाऊक होतं. तो तडक आत्याकडे गेला.

दुसऱ्या सकाळी सेवस्ती हॉटेलात आली. काळा पोशाख, हातात पिशवी. आयुष्यात ती कधी हॉटेलात राहिली नव्हती.

"मला खोली हवी."

"आत्या, तुझं घर इथून हाकेवर आहे."

"मग? सुट्टी काय फक्त अथेन्सवाल्यांनीच घ्यायची? मी सुट्टीवर आलेय."

"बरं, वरची देतो. मोठा सज्जा आहे."

"सज्जा तुलाच ठेव. तो हात आहे, तीच खोली दे."

दुपारी किनारा ओस पडला. तळवा आला आणि थाप पडली. खुर्ची सरकली, पावलं आली, थांबली. आता ही पुन्हा गाल टेकून उभी राहणार, असं मला वाटलं. पण कडी निघाली. दारासोबत मी आत वळलो. सेवस्ती समोर बघत होती. मला तिथं उजेडाशिवाय काही दिसलं नाही. ती बाजूला सरली, दारातून येणाऱ्याला वाट देतात तशी. स्वच्छ फरशीवर ओली पावलं एकामागून एक उमटत आत गेली.

"पाय पूस," ती म्हणाली. "लोकाची खोली आहे."

दार लागलं. आतून बराच वेळ तिचा एकटीचाच आवाज येत होता. मध्येच ती हसली, अगदी नव्या नवरीसारखी.

उन्हं उतरल्यावर ती बाहेर आली. तिच्या झग्याचा घेर ओला होता. पांतेलीस अडखळत म्हणाला, "आत्या, हात परत तुझ्या दारावर लावून देतो."

"नको रे," ती म्हणाली. "पांढरं दार आपलंच, हे त्याला आता माहीत झालंय." आणि ती घरी गेली.

माझं काम संपलं असं मला वाटलं. पण चार दिवसांनी भर दुपारी मला पुन्हा कोणीतरी धरलं. मिकेसचा तळवा मी ओळखतो. हा तो नव्हता. याला एक बोट कमी होतं. मग आणखी एक आला, रुंद, जाड बोटांचा. समुद्राच्या तळाशी बातमी पसरली असावी, की वरती एक दार उघडतं. मित्रांनो, या बेटावरचे किती पाणबुडे परतले नाहीत! त्यांच्या घरांना आता ॲल्युमिनियमची दारं आहेत, आणि ठोठावायला काहीच नाही.

पांतेलीस ती खोली पाहुण्यांना देत नाही. काळ्या पोशाखातल्या म्हाताऱ्या येतात, "जरा बसू का रे?" म्हणतात, आणि तो दार उघडून देतो.

पण एक हात असा आहे, ज्याचं इथं कोणीच उरलेलं नाही. तो अगदी कोवळा आहे, पोरसवदा. तो रोज येतो, हळूच ठोठावतो आणि वाट बघतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरावरची जुनी वस्तू उपटून दुसरीकडे लावण्याआधी विचारा, की तिच्या भरवशावर कोणी परत यायचं राहिलं आहे का. आणि कधी सुट्टीला या बाजूला आलात, कुठं राहावं हे ठरत नसलं, तर पांतेलीसकडे हट्टानं ही खोली मागून घ्या. दुपारी हळूच थाप पडली, तर तो पोरगा असेल, भिऊ नका. दार उघडता आलं नाही तरी चालेल. आतून फक्त म्हणा, "आले हं, आले."