बाहेरून लावलेली कडी

मी कडी बोलतेय. दाराचीच, पण चुकीच्या बाजूची. घरातल्या कड्या आतून असतात, माणसांना जपतात. मला खंडेरावाने बाहेरून ठोकलं, ते सख्ख्या धाकट्या भावाला कोंडायला. तेव्हापासून मला माणसं आवडत नाहीत. स्पष्टच सांगते.

माझा जन्म चांदवडच्या लोहाराकडचा. १९३४ साली नाशकात आले ती तांबटांच्या आळीत. उजाडलं की आळीभर हातोड्यांचे ठोके. त्या ठोक्यांत खंडेरावाच्या या भावाला, वीस वर्षांच्या धोंडीरामाला, शिव्या ऐकू येऊ लागल्या. एके दिवशी हातातली घागर टाकून तो शेजारच्या केरूतात्यांवर धावून गेला, "मला चोर का म्हणता?" तात्या नुसते पातेलं ठोकत होते. त्याच संध्याकाळी मी दारावर चढले.

दर गुरुवारी एक डॉक्टर येत. बाटली नाही, पुडी नाही, नुसतं बोलत. खंडेराव बायकोकडे बघून हसे, "बोलून आजार जातो म्हणे! मग आमच्या भागूने अख्खी आळी बरी केली असती."

तांबट काम करताना कानात कापूस घालतात. डॉक्टर धोंडीरामाला म्हणाले, "शिव्या आल्या की कापूस घाल. काय थांबतं ते बघ."

पुढच्या गुरुवारी तो हळूच म्हणाला, "ठोके थांबले. शिव्या नाही थांबल्या."

"मग त्या येतात कुठून?"

तो नखाने जमीन टोकरत म्हणाला, "माझ्यातूनच. केरूतात्या काही बोलत नाहीत."

"हे ज्याला कळलं, त्याला कोंडू नका," डॉक्टरांनी खंडेरावाला सांगितलं. पण खंडेरावाने आळीतली चार वडीलधारी माणसं बोलावली. दार उघडं ठेवायचं की धोंडीरामाला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं, ते ती ठरवणार होती.

केरूतात्यांनीच विचारलं, "धोंड्या, अजून येतात का रे आवाज?"

"येतात, तात्या. पण ते खरे नसतात. आता मला कळतं."

"येतात म्हणतोय!" खंडेरावाने मांडीवर थाप मारली. "स्वतःच्या तोंडाने कबूल झाला!"

"अरे, पुढचं ऐका की," त्याची आई कुसाबाई कळवळली. कोणी ऐकलं नाही. महिनाभर कोंडून बघायचं, नाहीतर पुणं, असं ठरलं. डॉक्टरांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मला पुन्हा कोयंड्यात अडकवलं. खोटं बोलला असता तर सुटला असता. खरं बोलला म्हणून माझ्या तावडीत राहिला.

रोज सकाळी खंडेराव दाराबाहेरून विचारी, "येतात का?"

"येतात, दादा. पण कमी झालेत."

मी बंदच.

नवव्या दिवशी आतून उत्तर आलं, "नाही."

तेव्हा धोंडीराम आतून दाराला कपाळ टेकून उभा होता. त्याआधी दातांत पुटपुटलेलं "गप्प बसा, गप्प बसा" लाकडातून मला लख्ख ऐकू आलं होतं. खंडेरावाला नाही. त्याने मला खाडकन काढलं, भावाला मिठी मारली, आळीत पेढे वाटले आणि वणीच्या देवीचा नवस फेडायला निघाला. शहाणी माणसं!

आता धोंडीराम दिवसभर घागरी घडवतो. कोणी विचारलं तर झटकन "नाही" म्हणतो, आणि म्हणताना माझ्याकडे बघतो.

कुसाबाई, तुम्ही रोज मला पुसता. पुसू नका, उपटून काढा. मी या चौकटीवर आहे तोवर तुमचा मुलगा तुम्हालाही "नाही"च सांगेल.